निदान सलाईन तरी लावा: मिरज तालुक्यातल्या एका घरातलं शेवटचं आजारपण

डिस्चार्ज कार्डावर मजकूर थोडाच होता. पुरुष, वय 67. अन्ननलिकेचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. गिळता यावं म्हणून जाळीदार धातूची नळी, म्हणजे स्टेंट, बसवलेली. रेडिएशन झालं, केमोथेरपी पहिल्या फेरीतच झेपेनाशी झाली. खाली शेरा: घरी सेवा करावी.

कार्डावर नव्हतं ते असं. हा माणूस तरुणपणी पैलवान होता आणि नंतर गावच्या तालमीत पोरं घडवायचा. हिंदकेसरी मारुती मान्यांच्या कवठेपिरानचा हा मुलूख. इथे अंग कमावणं आणि खुराक पचवणं हे माणसाच्या नावाला जोडूनच सांगतात. गावात कुणी त्यांना नावाने हाक मारत नव्हतं, वस्तादच म्हणायचे. आम्हीही तेच म्हणायला लागलो. ओळख पटेल असे बाकीचे तपशील मी बदलले आहेत.

घरात बायको, द्राक्षबाग बघणारा मुलगा, सून, दहा वर्षांचा नातू. मुलगी इस्लामपूरकडे दिलेली. आमच्या गृहभेटीच्या टीममध्ये दोन नर्स आणि आठवड्यातून एकदा येणारे डॉक्टर. पहिल्या भेटीत मी वेदनेचा आकडा विचारला, शौचाचं विचारलं, पाठ उलटी करून बघितली. हे सगळं चालू असताना दारात उभ्या मुलाने खुणेने बाहेर बोलावलं. "सिस्टर, आण्णांना गाठ हाय एवढंच सांगितलंय. कॅन्सर म्हणू नका. खचतील." मागोमाग बायको म्हणाली, "ह्यांच्या पोटात काही जात न्हाई. तुम्ही सलाईन घेऊन आलाय नव्हं?"

पुढचे सगळे दिवस या दोन मागण्यांभोवतीच गेले. पहिली लवकर सुटली. दुसरी माणूस गेल्यावरसुद्धा सुटली नाही. हे प्रकरण लिहायचं कारण ती दुसरी मागणीच आहे.

आधी दुखणं

वस्तादांना छातीच्या मागून पाठीत दुखायचं आणि ते सांगायचे नाहीत. दुखणं दाखवलं तर पैलवानकी कसली! आकडा विचारला की "दोन" म्हणायचे आणि कूस बदलताना दातओठ खायचे. अशा रुग्णाला आकडा विचारण्यात अर्थ नसतो. मी विचारलं, रात्री किती वेळा उठून बसता? सुनेने सांगितलं, "मामा रात्रभर भिंतीला टेकूनच असतात." हा खरा आकडा.

डॉक्टरांनी मॉर्फिन सुरू केलं. 5 मिलिग्रॅम, दर चार तासांनी: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री दोनला उठवायला नको. साधी गोळी, लांबवर काम करणारी नव्हे, त्यामुळे पाण्यात विरघळवून देता आली. स्टेंटमधून पातळच जात होतं. सोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. मॉर्फिनने येणारी मळमळ आणि गुंगी बहुतेकांची काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून ते औषध "लागलं तर" असं लिहून चालत नाही.

मुलाला भीती, गोळीची सवय लागेल. शेजाऱ्यांना वेगळीच, की ही गोळी शेवटचीच असते. दुसरी भीती कुठून आली ते कळतं. आपल्याकडे मॉर्फिन इतक्या उशिरा मिळायचं की गोळी आणि मरण लोकांनी एकत्रच पाहिलं. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे ते ठेवायला इतके परवाने लागायचे की दवाखाने भानगडच नको म्हणायचे. 2014 च्या दुरुस्तीने ते बरंच सोपं झालं, पण माणसांची समजूत कायद्याच्या मागून चालते. मी मुलाला एवढंच म्हटलं, चार दिवस देऊन बघू, मग तुम्हीच सांगा. चौथ्या दिवशी वस्ताद आडवे झोपले होते. मग गोळीवर कुणी बोललं नाही.

त्यांना माहीत होतं

न सांगण्याबद्दल मुलाशी मी वाद घातला नाही. वडिलांना वाचवायला तो धडपडत होता आणि त्याच्या हातात एवढंच उरलं होतं. त्याला विचारलं, "समजा त्यांनी स्वतःच मला विचारलं तर? खोटं बोलू का?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "इचारलं तर बघा तुम्ही."

त्यांनी विचारलं नाही, सांगितलं. ड्रेसिंग करताना म्हणाले, "सिस्टर, कुस्ती सुटायच्या आधी पैलवानाला कळतंय. पोरगा घाबरलाय. त्याला म्हणावं मला ठाऊक हाय." म्हणजे घरात तीन माणसं एकमेकांना जपायला एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होती. निरोप मी नेला नाही. "तुम्हीच सांगा, मी बाहेर बसते," म्हटलं. आत काय बोलणं झालं ते विचारायचं माझं काम नव्हतं. बाहेर आल्यावर मुलाने बागेची छाटणी कधी धरायची ते वडिलांना विचारून ठेवलं होतं, एवढं कळलं. सप्टेंबर सरत आला होता, ऑक्टोबर छाटणी तोंडावर होती.

सलाईन

बायको रोज खीर करायची, रव्याची पेज करायची, दुधात बदाम वाटायची. वस्ताद दोन चमचे घ्यायचे आणि तिसरा ओकायचे. ती परत करायची. सून कंटाळून म्हणायची, "आत्या, नका ओ मागं लागू." त्यावरून घरात रुसवेफुगवे.

पाठ्यपुस्तकातलं उत्तर नर्सिंगच्या कुठल्याही विद्यार्थिनीला येतं. या टप्प्यावरचं खंगणं उपासमारीचं नसतं. आजारामुळे शरीरात जो दाह चालू असतो तो स्नायू वितळवत राहतो, आणि वरून घातलेल्या अन्नाचं मांस बनवायची शरीराची ताकद गेलेली असते. भूक मरते ती आजारानेच. माणूस खात नाही म्हणून मरत नाही, मरायला टेकलाय म्हणून खात नाही. हे वाक्य अगदी बरोबर आहे, आणि तसंच्या तसं त्या बाईच्या तोंडावर टाकलं असतं तर त्या घराचं दार आम्हाला बंद झालं असतं.

कारण जिने चाळीसेक वर्षं पहाटे उठून या माणसाचा खुराक केला, तिला आपण सांगतोय की तुझ्या हातचं आता कामाचं नाही. माझं मत स्पष्ट आहे: आपल्या घरांमध्ये शोक माणूस गेल्यावर सुरू होत नाही. पहिला घास परत येतो त्या दिवशी तो सुरू होतो, आणि "सलाईन लावा" हे त्याचं पहिलं बोलणं असतं. त्याला फक्त वैद्यकीय प्रश्न समजून उत्तर दिलं की उत्तर बरोबर ठरतं आणि माणूस हातचा जातो.

म्हणून मी तिला विचारलं, "मावशी, कुस्त्या खेळायचे तेव्हा खुराक काय असायचा?" पुढचा तासभर ती बोलत होती. किती लिटर दूध, तूप कुठल्या म्हशीचं, बदाम रात्री भिजवून पहाटे कसे वाटायचे, जत्रेच्या आधी मटणाचा रस्सा किती वेळा. बोलता बोलता थांबली. म्हणाली, "तेवढं खाणारा माणूस दोन चमच्यावर आला." मग रडली. आजार सुरू झाल्यापासून ती सगळ्यांसमोर रडली नव्हती असं सून नंतर म्हणाली.

त्यानंतरच मी शरीर अन्न का नाकारतं ते सांगितलं. आणि तिच्या हाताला दुसरं काम दिलं. तोंडाची काळजी. वस्तादांच्या तोंडात पांढरा बुरा धरला होता, बुरशीचा. डॉक्टरांनी त्यावर थेंब लिहून दिले. बाकी काम तिचं: दर दोन तासांनी मीठ-सोड्याच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ फडक्याने हिरड्या, जीभ, गालाच्या आतून पुसायचं, ओठांना तूप लावायचं. चवीसाठी बदामाच्या दुधाचा किंवा उसाच्या रसाचा एखादा थेंब जिभेवर. पोट भरायला नव्हे, चवीला. तहान लागल्यासारखं वाटतं ते बहुधा कोरड्या तोंडाने, आणि ते बाटलीपेक्षा ओल्या फडक्याने जास्त भागतं. बदामाचं दूध तिने पहाटेच वाटायला घेतलं. वाटीभर दुधातला थेंब लागायचा. उरलेलं नातू प्यायचा.

एवढं होऊनही सलाईन लागलंच. मधल्या रविवारी पै-पाहुणे आले आणि प्रत्येकाने मुलाला एकच विचारलं, "सलाईन लावलंय का न्हाई?" मिरज इथून अर्ध्या तासावर. डॉ. वानलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे रुग्णालय उभारलं, तेव्हापासून या भागातलीच काय, कर्नाटकातली माणसंही मिरजेत उपचाराला येतात. दवाखाना इतका जवळ असताना घरी ठेवलेल्या बापाला बाटलीही लावत नाही, हा आरोप कुणी तोंडाने केला नाही तरी मुलाला ऐकू येत होता. त्याने गावातल्या डॉक्टरांना बोलावून एकापाठोपाठ बाटल्या लावून घेतल्या. तिसऱ्या दिवशी पाय सुजले, छातीत घरघर सुरू झाली. रक्तातलं प्रथिन इतकं उतरलेलं असताना शिरेतलं पाणी शिरेत टिकत नाही, ते पायात आणि फुप्फुसात झिरपतं.

मुलगा आमच्या नजरेला नजर देत नव्हता. त्याला बोल लावण्यात काय हशील? डॉक्टरांनी त्याला सांगितलं, "तुम्ही लावून बघितलं ते वाईट केलं नाही. शरीराने काय उत्तर दिलं ते आता आपल्यापुढे आहे." आणि सलाईन बंद करायचा निर्णय त्यांनी डॉक्टर म्हणून स्वतःकडे घेतला, मुलावर टाकला नाही. हे फार महत्त्वाचं. "बंद करू का, तुम्हीच सांगा" असं विचारणं वरवर आदराचं दिसतं, पण पुढची कित्येक वर्षं "मी बंद करायला सांगितलं" हे ओझं ते पोर वाहत राहतं.

सलाईन कधीच नको असं मात्र कुणी या लिखाणातून घेऊ नये. उलट्या-जुलाबाने कोरडा पडलेला, हिंडताफिरता रुग्ण वेगळा. कॅल्शियम वाढून भ्रम झालेला वेगळा. कधी त्वचेखालून सावकाश अर्धा लिटर देऊन बघतात, दोन दिवसांत फरक नाही तर थांबायचं असं आधीच ठरवून. पण शेवटच्या आठवड्यांबद्दल माहिती आहे: ह्यूस्टनच्या संशोधकांनी 2013 साली छापलेल्या चाचणीत हॉस्पिसमधल्या, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या सेवेखाली असलेल्या, कॅन्सर रुग्णांना रोज एक लिटर किंवा नुसतं नावापुरतं शंभर मिलिलिटर द्रव दिलं. लक्षणांत फरक नाही, आयुष्याच्या लांबीतही नाही. पाहुण्यांना मी ही चाचणी सांगत बसले नाही. मुलाला एक उत्तर पाठ करून दिलं: "डॉक्टर म्हणाले, पाणी छातीत जातंय, म्हणून बंद केलंय." पाहुण्यांची तोंडं त्याने बंद झाली.

तालमीतली पोरं

याच दिवसांत तालमीतली पोरं यायला लागली. दंड फुगलेली, मान खाली घातलेली, उंबऱ्यात उभी राहायची आणि दोन मिनिटांत निघून जायची. बोलायचं काय हे कुणालाच कळत नव्हतं. पण त्यांना मालिश येत होती. मी दोघांना हलक्या हाताने पाय चोळायला शिकवलं. जोर नाही, रग काढायची नाही, सुजेवर दाब नाही, पाठीच्या कण्याला हात नाही. कोमट तेल आणि फक्त तळवे. एरवी समोरच्याला चीत करणारे हात इतके हळू फिरताना मी पहिल्यांदा पाहिले. वस्ताद डोळे मिटून मधेच "ए, अंगठ्यानं न्हाई, तळव्यानं" असं दटावायचे. वस्तादकी शाबूत होती.

शेवटचे दिवस

गिळणं थांबलं तेव्हा मॉर्फिन त्वचेखालून सुरू झालं, छातीवर छोटी फुलपाखरी सुई बसवून, तोंडावाटे होता त्याच्या साधारण निम्म्या डोसात. घरघरीसाठी ग्लायकोपायरोलेट, कुशीवर झोपवणं, डोकं थोडं वर. घरघर त्यांच्यापेक्षा ऐकणाऱ्यांना जास्त छळते, हे घरच्यांना आधी सांगून ठेवलं. श्वास मध्येच थांबेल, मग मोठा येईल, हात-पाय गार पडतील, गुडघ्यांवर जांभळट नक्षी उमटेल, हेही. आधी सांगितलेलं असलं की त्या रात्री गाडी काढून मिरजेला पळायची वेळ येत नाही.

दोन गोष्टींवर मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांशी आधीच बोलावं लागलं. पहिली गंगाजल आणि तुळस. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या घशात चमच्याने पाणी ओतलं तर ठसका लागून जीव घुसमटतो. ठरलं की मान कुशीवर वळवून, फडक्याला टिपलेलं गंगाजल ओठांना लावायचं आणि तुळशीचं पान ओठांवर ठेवायचं. चुलत्यांना हे पटलं. दुसरी, जमिनीवर घेणं. काही ठिकाणी नर्स याला सरळ नाही म्हणतात. मला ते पटत नाही. माणूस खाटेवर गेला तर गती मिळत नाही अशी ज्यांची श्रद्धा आहे, त्यांच्या मनात ती सल वर्षानुवर्षं राहते. आम्ही आधीच गादी जमिनीवर आणून ठेवली. हलवायच्या अर्धा तास आधी मॉर्फिनचा जादा डोस दिला आणि तालमीतल्या चौघांनी चादरीसकट अलगद उचललं. कण्हणंही ऐकू आलं नाही.

पहाटे गेले. घरच्या डॉक्टरांशी आधीच बोलणं झालेलं असल्याने मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यासाठी धावाधाव झाली नाही. अशी घरं आधी तयार ठेवावीत. नोंद 21 दिवसांत ग्रामपंचायतीत करायची हेही मुलाला कागदावर लिहून दिलं होतं. त्या दिवशी ऐकलेलं काही लक्षात राहत नाही. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या आणि अँप्युल मोजून आम्ही परत नेले.

बांगड्यांचा प्रश्न निघालाच. शेजारच्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. मुलगी त्याचा दाखला देऊन भांडायला उठली, एक आत्याबाई रीत सोडायला तयार नव्हत्या. मी मध्ये पडले नाही. मावशींना मात्र मी आठवडाभर आधी, एकट्या असताना, विचारून ठेवलं होतं: तुम्हाला काय हवंय? त्या वेळी म्हणाल्या होत्या, "फोडू देणार न्हाई. मीच काढीन, मनात आल्यावर." त्या दिवशी त्या तेच बोलल्या आणि विषय संपला.

नातवाला कुणीतरी सांगितलं, आजोबा झोपलेत. त्या रात्री तो झोपायला तयार होईना. मुलांना "वारले, आता परत येणार नाहीत, दुखणंही थांबलं" असं सरळ सांगावं.

नंतरच्या भेटी

कडू घास झाला, तिसऱ्या दिवशी सावडणं, दहाव्याला घाटावर कावळा लगेच शिवला म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. नर्सने अशा गोष्टींवर हसू नये. त्या कावळ्याने मुलाच्या छातीवरचं जेवढं उतरवलं, तेवढं आमच्या कुठल्याच समुपदेशनाने उतरलं नसतं.

तेराव्यानंतर गेलो तेव्हा मावशी पहाटे उठून बदाम भिजवत होत्या. मग लक्षात यायचं आणि बसून राहायच्या. दुपारी मात्र शेजारणीसोबत हळदीच्या रानात जायच्या आणि हसायच्याही. सोबतच्या विद्यार्थिनीने वहीत लिहिलं: नकाराचा टप्पा. मी ते खोडायला लावलं. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 साली मांडलेले पाच टप्पे (नकार हा त्यातला पहिला) मुळात मरणासन्न रुग्णांशी बोलून आलेले होते, मागे राहिलेल्यांच्या शोकाचा तो जिना नव्हे. मावशींचं जे चाललं होतं ते 1999 साली स्ट्रोबे आणि शूट या शोकाच्या अभ्यासकांनी मांडलेल्या दुहेरी प्रक्रियेशी जास्त जुळतं: माणूस कधी गेलेल्याकडे वळतो, कधी पुढच्या कामांकडे, आणि हे येणंजाणं म्हणजेच सावरणं. पहाटे बदाम आणि दुपारी हळद, दोन्ही तब्येतीचंच लक्षण.

मुलगा तेरावं उरकून थेट बागेत. छाटणी, पेस्ट लावणं, फवारण्या. डोळ्यांत पाणी नाही. लोक म्हणाले, दगड झालाय. पण छाटणीची तारीख वडिलांनी सांगितलेलीच धरली होती त्याने. हा शोक हातातून चालला होता. दारू वाढत नाहीये ना, झोप लागते ना, एवढ्यावर लक्ष ठेवलं.

आणि मावशींनी तो प्रश्न विचारलाच. "सिस्टर, सलाईन चालू ठेवलं असतं तर चार दिस जास्त काढले असते का ओ?" मी "नाही" म्हणून मोकळी झाले नाही. विचारलं, सलाईन चालू असतानाचे दिवस कसे होते? त्यांनीच सांगितलं, पाय फुगले होते, छाती वाजत होती. आणि बंद केल्यावर? "निजले." मग मी म्हटलं, "आजाराने गेले मावशी, बाटली काढल्याने नाही. शेवटपर्यंत तोंड कोरडं पडू दिलं नाही ते तुम्ही." हा प्रश्न त्यांनी पुढच्या भेटीतही विचारला, त्याच्या पुढच्याही. दर वेळी तेच उत्तर, न कंटाळता द्यायचं.

शोक केव्हा आजार समजायचा याच्या सीमा आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात सहा महिने, अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या 2022 च्या पुस्तिकेत प्रौढांसाठी एक वर्ष. तीव्र ओढ रोजच्या रोज, आणि घर-शेत-माणसं यातलं काहीच चालेनासं होणं, हे दोन्ही त्यापुढेही टिकलं तर मानसोपचारतज्ज्ञांकडे. मावशी त्या रेषेच्या पुष्कळ अलीकडे आहेत.

मला काळजी वाटते ती सुनेची. शी-शू तिने काढली, गोळ्यांची वेळ तिने सांभाळली, रात्री भिंतीला टेकलेल्या सासऱ्यांजवळ तीच बसली. दुखवट्याला आलेल्या बायका मात्र मावशींच्या गळ्यात पडल्या, मुलीच्या गळ्यात पडल्या, आणि सुनेला म्हणाल्या, "चहा टाक गं." शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 साली अशा, समाजाच्या हिशेबात न धरलेल्या शोकाबद्दल लिहिलं. आपल्याकडे त्याचं उदाहरण शोधायला सैपाकघरापर्यंतच जावं लागतं. ती अजून मध्यरात्री दोनच्या सुमाराला जागी होते, त्या वेळी मामांचा श्वास बघायला उठायची म्हणून. शेवटच्या भेटीत मी मावशींच्या देखतच तिला विचारलं, "तुला कसं वाटतंय?" ती काहीच बोलली नाही. मावशीच म्हणाल्या, "माहेरला पाठवते चार दिस, बाग उतरल्यावर." हंगाम फेब्रुवारीत संपतोय. तोवर तिच्यासाठी आमची भेट वेगळी ठेवली आहे, दुपारच्या वेळी, मावशी रानात असताना.